खरूज एकाला, औषध साऱ्या घराला



2024 साल सरता सरता आणि 2025 चा जानेवारी उजाडताना आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस पाहता पाहता गळू लागले. आधी डोके खाजे, मग केस राठ होत आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञ गावात येऊन तपासणीसाठी नमुने घेऊन गेले. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या तपासण्यांवरून गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. तो आजार एकापासून दुसऱ्याला लागणारा नव्हता. तरीसुद्धा त्या गावच्या माणसांजवळ बसायला लोक कचरू लागल्याच्या बातम्या आल्या.

आता याच्या अगदी उलट गोष्ट पाहा. खरूज हा रोग खरोखरच एकापासून दुसऱ्याला लागतो. तो मुलांची झोप उडवतो, शाळा बुडवतो आणि कधी कधी मूत्रपिंडापर्यंत जाऊन पोचतो. पण त्याची ना कोणाला भीती, ना त्याची कुठे बातमी! “अंगात उष्णता झाली असेल, जाईल आपोआप,” असे म्हणून आपण महिनोन् महिने खाजवत बसतो. जगात कोणत्याही एका वेळी वीस कोटींहून अधिक माणसांना खरूज असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 2017 साली या संघटनेने खरजेचे नाव दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. यादीला ‘दुर्लक्षित’ असे नाव आहे, ते खोटे नाही.

तेव्हा आज खरजेविषयीच बोलू. सांगायची गोष्ट तशी एकच आहे: खरूज हा एका माणसाचा रोग नसून तो साऱ्या घराचा रोग आहे. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर पुढचे सारे सोपे आहे.

हा किडा आहे तरी कसला?

कपाशीवर आणि भाजीपाल्यावर पडणारा लाल कोळी आपल्या ओळखीचा आहे. गाईम्हशींच्या अंगावरची गोचीडही आपण रोज पाहतो. खरजेचा किडा याच आठ पायांच्या भावकीतला. फक्त तो इतका बारीक, की मादीची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरते. साध्या डोळ्यांना तो दिसतच नाही म्हणा ना.

ही मादी माणसाच्या कातडीच्या अगदी वरच्या थरात आडवे बीळ कोरते. त्या बिळात ती रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पिले कातडीवर येतात आणि साधारण दोन आठवड्यांत मोठी होऊन पुन्हा तोच संसार मांडतात. आपल्याला खाज सुटते ती किडा चावतो म्हणून नव्हे. त्याचे अंग, त्याची अंडी आणि त्याची घाण आपल्या शरीराला सोसत नाही, म्हणून ती खाज असते.

माणसाला पुष्कळ रोग झाले, पण त्यांचे खरे कारण कळायला फार काळ गेला. खरजेचे कारण मात्र लवकर सापडले. 1687 साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकातून हा किडा पाहून त्याचे वर्णन लिहिले. तरीही डॉक्टर मंडळींना ते पटेना. अखेर 1834 साली रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये सुईच्या टोकाने रोग्याच्या कातडीतून किडा काढून सर्वांसमोर ठेवला. ही युक्ती त्याने कोठे पाहिली होती? आपल्या कॉर्सिका बेटावरच्या बायांकडे! शहाण्यांना जे दीडशे वर्षे पटले नाही, ते खेड्यातल्या आयाबहिणींना माहीत होते.

खरूज ओळखावी कशी?

पहिली खूण म्हणजे रात्रीची खाज. दिवसभर कामाच्या नादात बरे वाटते आणि अंथरुणात अंग टाकले, ऊब आली, की खाज खवळते.

दुसरी खूण म्हणजे जागा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कोपराच्या मागे, काखेत, कमरेच्या करगोट्यापाशी, बेंबीभोवती, कुल्ल्यांवर आणि जांघेत बारीक पुटकुळ्या येतात. बायकांना स्तनांवर आणि पुरुषांना लिंगावरही येतात. लाजेपोटी माणूस हे डॉक्टरांना सांगत नाही, पण सांगितले पाहिजे. नीट पाहिले तर कोठे कोठे केसासारखी बारीक, नागमोडी, मळकट रेघ दिसते. ते त्या मादीचे बीळ. मोठ्या माणसाचे तोंड आणि डोके बहुधा सुटते. तान्ह्या बाळाला मात्र तळहात, तळपाय, डोके आणि चेहरा कोठेही खरूज येऊ शकते.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. घरात खाजवणारा एकटाच आहे, की आणखी कोणी आहे? रात्री दोघे-तिघे खाजवत असतील, तर पहिला संशय खरजेचाच घ्यावा.

पण प्रत्येक खाज म्हणजे खरूज नव्हे, हेही लक्षात असू द्या. गजकर्णाचा चट्टा गोल असतो आणि त्याची कड उठलेली असते. गाजर गवताची बाधा झाली तर चेहरा, मान आणि कोपराची लवण अशा बहुधा उघड्या जागा खाजतात. फवारणीनंतर अंगावर चट्टे उठले तर ते औषधाचे असू शकतात. आणि जो चट्टा खाजतही नाही, दुखतही नाही, तेथे स्पर्शच कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याला विलंब न लावता दवाखाना गाठावा. तो आज औषधाने पूर्ण बरा होतो.

ती घाणीमुळे होते का?

नाही. हे जरा ठासून सांगतो, कारण या एका समजापायी घराघरांत लेकी-सुनांना बोलणी खावी लागतात. “पोरांना नीट न्हाऊ घालत नाही, म्हणून झाली खरूज,” असे सासू म्हणते आणि सून मान खाली घालते. किडा कातडीच्या आत असतो. रोज दोनदा साबण लावून आंघोळ केली तरी तो जात नाही. खरूज होते ती अंगाला अंग लागल्याने. आजीच्या कुशीत नातू झोपतो, एका गोधडीत तीन भावंडे झोपतात, आई लेकराला पाजते, नवरा-बायको एकत्र झोपतात. माया आहे म्हणून जवळीक आहे आणि जवळीक आहे म्हणून खरूज पसरते. यात लाज कसली?

दाटीवाटीच्या जागी मात्र ती फोफावते हे खरे. एका खोलीतले मोठे कुटुंब, वीटभट्टीवरची झोपडी, ऊसतोडीच्या तळावरची कोपी, आश्रमशाळा आणि वसतिगृह ही तिची आवडती ठिकाणे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील शेफील्ड येथे केनेथ मेलॅन्बी या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले तरुण त्याच्या प्रयोगाला स्वखुशीने तयार झाले. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली पांघरुणे त्यांनी अंगावर घेतली, त्यांचे आतले कपडेही घातले. फारच थोड्यांना खरूज झाली. पण रोग्याशेजारी एका अंथरुणात झोपले, तेव्हा ती सहज लागली. मेलॅन्बीने आणखी एक गोष्ट मोजली. रोग्याच्या साऱ्या अंगावर मोठ्या माद्या किती? सरासरी फक्त अकराच्या आसपास! एवढ्याशा किड्यांनी माणसाची झोप उडते.

यातून आपल्या भगिनींना एक दिलासा मिळतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात दहा-दहा गोधड्या धुवायच्या म्हणजे जीव जातो. त्याची गरज नाही. माणसाच्या अंगापासून सुटलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. औषधाच्या दिवशी गेल्या तीन दिवसांतले अंगावरचे कपडे, चादर आणि टॉवेल एवढे कढत पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवा. गोधड्या आणि वाकळा मोठ्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर बाजूला ठेवल्या तरी पुरे.

औषध लागू का पडत नाही?

ही तक्रार सर्वांची असते. समजा, घरात सात माणसे आहेत. थोरल्या मुलाला खाज सुटली. बापाने बाजाराच्या दिवशी मलमाची एक नळी आणली. मुलाने ती लावली आणि त्याला बरे वाटले. महिनाभराने पुन्हा खाज! बाप म्हणतो, औषधच खोटे.

औषध खोटे नाही, हिशेब चुकला. खरूज पहिल्यांदा लागली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे थोरला खाजवत होता तेव्हा शेजारी झोपणाऱ्या धाकट्याच्या अंगात किडा शिरलेला होता, पण त्याला अजून खाज नव्हती. थोरला बरा झाला आणि धाकट्याकडून तोच किडा परत त्याच्याकडे आला. या खेपेला शरीराला किड्याची ओळख असते, म्हणून एक ते चार दिवसांतच खाज उठते. बापाला वाटते, रोग गेलाच नव्हता.

कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली आणि चार ओळींवर फवारून बाकीचे शेत तसेच ठेवले, तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. खरजेचेही तसेच. खाजवणारा तो रोगी आणि न खाजवणारा तो निरोगी, हा भेद येथे चालत नाही. एका छपराखाली झोपणाऱ्या प्रत्येकाला एकाच दिवशी औषध मिळाले पाहिजे. मग तो म्हातारा असो, सून असो, की सालगडी असो.

औषधाचा दिवस कसा पार पाडावा?

आधी सारे घर मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. गावच्या आशाताईला आधी सांगितले तर ती मदत करील. डॉक्टरांना घरातील माणसे किती, लहान मुले किती आणि गरोदर कोण, हे नीट सांगा. आज सहसा परमेथ्रिन 5 टक्के हे मलम दिले जाते. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण 30 ग्रॅम लागते, मुलांना त्याहून कमी.

1. संध्याकाळी साधी आंघोळ करून अंग कोरडे करा. मुलांची नखे कापा.

2. मानेपासून पायाच्या बोटापर्यंत साऱ्या अंगाला मलम चोळा. फक्त पुटकुळ्यांना लावून उपयोग नाही. बोटांची बेचके, नखांखाली, बेंबी, काख, जांघ, कुल्ल्यांमधली फट आणि तळपाय, कोठेही विसरू नका. पाठीला एकमेकांनी लावून द्या. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना डोके, कान आणि चेहऱ्यालाही लावावे लागते, मात्र डोळे आणि तोंड सोडून.

3. आठ ते चौदा तास, म्हणजे रात्रभर, मलम अंगावर राहू द्या. मध्ये हात धुतले तर हाताला पुन्हा लावा.

4. सकाळी आंघोळ करून धुतलेले कपडे घाला.

5. सात ते चौदा दिवसांच्या आत, डॉक्टर सांगतील त्या दिवशी, हेच सारे पुन्हा एकदा करा. पहिल्या वेळी एखादे अंडे वाचले असेल तर त्यातून निघालेला किडा अंडी घालायच्या आत मेला पाहिजे. बरे वाटले म्हणून दुसरी खेप टाळू नका.

दोन महिन्यांच्या आतील बाळाला आणि गरोदर बाईला कोणते औषध द्यायचे, ते डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासाठी गंधकाचे मलम हा जुना आणि सौम्य उपाय आजही वापरात आहे. बेंझिल बेंझोएटचे पांढरे औषधही काही ठिकाणी मिळते. ते गुणकारी आहे, पण चरचरते.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही खरजेवर चालतात. वजनाच्या हिशेबाने एक मात्रा आणि आठवडा-दोन आठवड्यांनी दुसरी. जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून हे औषध निघाले आणि त्याबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना या गोळ्या देत नाहीत. आणि आपल्या गोठ्यात जनावरांसाठी या औषधाचे इंजेक्शन पडलेले असेल, तर त्याला माणसासाठी हातसुद्धा लावू नका.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. किडे मेले तरी त्यांची घाण कातडीत असते. म्हणून घाबरून रोज मलम चोपडत बसू नका. कातडी आणखी चिडते. खोबरेल तेल लावा आणि खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. चार आठवड्यांनंतरही नव्या पुटकुळ्या येत असतील तर पुन्हा दाखवा.

हे मात्र करू नका

फवारणीचे औषध अंगाला लावणे हा जिवाशी खेळ आहे. परमेथ्रिन आणि आपल्या शेतातले सायपरमेथ्रिन एकाच घराण्यातले, हे खरे. म्हणून कोणी म्हणेल, “मग तेच पाण्यात मिसळून लावले तर काय बिघडले?” पुष्कळ बिघडते. शेतीच्या औषधाची तीव्रता वेगळी, त्यातली मिश्रणे वेगळी आणि ती माणसाच्या कातडीसाठी बनवलेली नाहीत. खाजवून सोलवटलेल्या कातडीतून विष झपाट्याने रक्तात जाते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त माणसे दगावली. कातडी म्हणजे पत्रा नव्हे, हे त्या वेळी कळून चुकले. जुन्या माणसांना गॅमॅक्झिनची पावडर आठवत असेल. त्याच कुळातले लिंडेन एके काळी खरजेवर डॉक्टरही देत. त्याने मज्जातंतूंना इजा होते हे कळल्यावर ते मागे पडले.

रॉकेल, जळालेले ऑइल, बॅटरीचे पाणी यांनीही कातडी भाजते, किडा राहतो तेथेच. लोणारच्या सरोवराच्या खाऱ्या पाण्याने कातडीचे रोग जातात अशी आपल्याकडे समजूत आहे. सरोवर पाहायला जरूर जा, पण ते क्षारांचे पाणी सोलवटलेल्या अंगावर घेऊ नका. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ केली तर बिघडत नाही. मात्र औषधाला पर्याय म्हणून त्यावर विसंबू नका.

आणखी एक धोका दुकानातला आहे. “खाजेवर काहीतरी द्या,” म्हटले की पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेली नळी हाती पडते. ती लावली की दोन दिवस खाज थांबते. रोग आत वाढत राहतो आणि वरून ओळखूही येत नाही. किडा जिवंत आणि उपचार खाजेवर, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

साधी खाज कधी जिवावर बेतते?

खाजवताना नखांनी कातडी फाटते आणि तेथे जंतू शिरून पू होतो. हे जंतू विशिष्ट जातीचे असले, तर तीन ते सहा आठवड्यांनी मुलाच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली आणि चेहऱ्यावर सूज दिसते, लघवी कमी होते, तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. डोके दुखते, दम लागतो. असे काही दिसले तर त्याच दिवशी मुलाला रुग्णालयात न्या. घटकाभरही घरगुती उपायांत घालवू नका. आणि मुळात पू धरलेल्या खरजेला नुसते मलम पुरत नाही. जंतूंवरचे औषधही लागते, म्हणून डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या किंवा अशक्त माणसाच्या हातापायांवर जाड, खवलेदार पापुद्रे चढत असतील, तर त्यालाही लवकर दाखवा. या प्रकारच्या खरजेत अंगावर हजारो-लाखो किडे असतात. खाज मात्र कमी असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही आणि सारे घर, सारा वॉर्ड पुन्हा पुन्हा खाजवत राहतो. असा रोगी असेल तेथे कपडे-पांघरुणांचीही पुरी काळजी घ्यावी लागते.

कुत्र्याला लूत लागली असेल तर तिच्या किड्याने आपल्याला थोडे दिवस खाज येते, पण तो किडा माणसाच्या अंगावर संसार मांडू शकत नाही. कुत्र्यावर उपचार करा, आपली खाज जाईल.

घराकडून गावाकडे

जे घराला लागू तेच गावाला. फिजी देशातील बेटांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. एका ठिकाणी फक्त रोगी आणि त्यांच्या जवळच्या माणसांना औषध दिले. तेथे वर्षभरात खरूज शेकडा 37 वरून 19 वर आली. दुसऱ्या ठिकाणी रोगी-निरोगी न पाहता साऱ्या वस्तीला आयव्हरमेक्टिन दिले. तेथे ती शेकडा 32 वरून 2 वर उतरली. औषधाइतकेच महत्त्व सर्वांनी मिळून घेण्याला आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुडा पायथ्याकडची पुष्कळ मुले आश्रमशाळांत राहतात. दिवाळीच्या सुट्टीत मूल खाजवत घरी आले, तर घरातल्या सर्वांना औषध द्या आणि शाळेच्या अधीक्षकांनाही कळवा. नाहीतर घरी बरे झालेले मूल परत जाऊन त्याच खोलीत झोपेल. शाळेनेही त्या मुलाला हाकलू नये. पहिले औषध पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशी ते वर्गात बसू शकते. त्याच्याबरोबर खोलीतल्या साऱ्या मुलांना औषध देणे हे शाळेचे काम. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे परत आली, की त्यांनीही घरी सर्वांमध्ये मिसळण्याआधी एकदा तपासून घ्यावे.

आज रात्री एवढेच करा. दिवा मालवल्यावर थोडा वेळ जागे राहून ऐका. घरात कोण कोण खाजवते आहे? दोघांपेक्षा जास्त आवाज आले, तर उद्या एकट्या मुलाला घेऊन दवाखान्यात जाऊ नका. सारे घर घेऊन जा, औषधाचा एक दिवस सर्वांनी मिळून ठरवा आणि दुसऱ्या खेपेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आताच लिहून ठेवा.